एकाच अंगणात सात तऱ्हांची मुरड: मखमलाबाद परिसरातील एका परसबागेचे निदान

जागा नाशिकच्या मखमलाबाद भागातली, द्राक्षबागा मोडून पडलेल्या एका लेआउटमधली. बंगल्यामागे साधारण २० बाय ३० फुटांची परसबाग. पश्चिमेला पाच फुटी कंपाउंड आणि त्यापलीकडे रिकामा प्लॉट. भिंतीलगत लोखंडी मांडवावर थॉमसन द्राक्षाचा एक जुना वेल. भिंतीपासून पूर्वेकडे एका ओळीत, दोन-दोन फुटांवर नऊ टोमॅटो. स्वयंपाकघराच्या भिंतीशी ग्रो-बॅगमध्ये सहा मिरच्या. एका कोपऱ्यात कागदी लिंबू, फाटकाशी जास्वंद, आणि मधेमधे तुळस, कढीपत्ता, गवती चहा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रार आली ती अशी: "सगळ्याच झाडांची पानं वळायला लागलीत." तोवर बरेच काही करून झाले होते. दुकानातून 'व्हायरस' असे निदान आणि इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल या कीटकनाशकाची बाटली मिळाली होती. चार दिवसांच्या अंतराने दोनदा फवारणी झाली, लिटरला अंदाजे एक मि.लि., म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दुप्पट-तिप्पट. मग १९:१९:१९ या विद्राव्य खताची फवारणी, आणि शेवटी प्रत्येक टोमॅटोच्या बुंध्याशी मूठभर युरिया. टोमॅटोत फरक पडला नाही, मिरची मात्र आणखी बिघडली. आता सगळे उपटून माती बदलायची, असा घरच्यांचा बेत होता.

माती बदलायचे कारण नव्हते. 'सगळ्याच झाडांना' एकच काही झाले होते, हा अंदाजही बरोबर नव्हता.

आधी जागेचा नकाशा, मग पान

एका पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून निदान मागणे आता सर्रास चालते. मुरडलेल्या पानाच्या बाबतीत त्यातून बहुधा चुकीचेच उत्तर मिळते. पान पाचसहा कारणांनी वळते आणि लांबून ती सगळी सारखीच दिसतात. म्हणून इथे सुरुवात वहीच्या पानावर बाग काढून झाली: भिंत कुठे, वारा कुठून, कोणते झाड बिघडले आणि कोणते बिघडले नाही. मग प्रत्येक झाडापुढे चार नोंदी. मुरड नव्या पानांवर की जुन्या? कडा वर वळल्यात की खाली? रंग बदलला का? पानाच्या मागे १० पटीच्या भिंगातून काय दिसते?

पाहणी दोनदा केली, दुपारी तीनला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला. दुपारी वळलेले पान सकाळी सरळ झालेले दिसले तर पाण्याचा ताण हे पहिले कारण. सकाळीही तसेच राहिले तर पुढे शोधायचे. मेमध्ये नाशिकचा पारा ४० च्या आसपास असतो. नुसत्या दुपारच्या पाहणीवर भरवसा ठेवला तर बागेतली निम्मी झाडे आजारी वाटतील.

नकाशा पुरा झाल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती टोमॅटोच्या ओळीत. खालची पाने नऊच्या नऊ झाडांची वळली होती. शेंडे मात्र पाचच झाडांचे बिघडलेले: क्रमांक १, २, ३ आणि ५, ८. पहिली तीन भिंतीकडून सलग. पाच आणि आठ मात्र विखुरलेली, मधली निरोगी.

खालची पाने: फारसे काही नाही

नऊही झाडांची खालची, पक्की झालेली पाने कडांनी वर गुंडाळली होती. काहींच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या. पान जाड, हाताला चामड्यासारखे, दाबले तर कुरकुरते, पण रंग पूर्ण हिरवा. मागे कीड नाही. शेंड्याकडे फुले व्यवस्थित लागत होती. सकाळीही मुरड तशीच होती.

ही टोमॅटोची शारीरिक विकृती, रोग नव्हे. उष्णता, मातीच्या ओलाव्यातले चढउतार, जास्त नत्र आणि एकदम केलेली पानकाढणी, या चारही गोष्टी इथे हजर होत्या. तीन दिवसांनी एकदा नळी सोडून भरपूर पाणी दिले जायचे. काळ्या मातीला भेगा पडल्या होत्या, वर दोन इंच कोरडे आणि खाली चिखल. बुंध्याशी हवा खेळावी म्हणून खालची बरीच पाने एका दिवसात काढली होती. त्यावर युरिया. यातून उत्पादन फारसे घटत नाही आणि वळलेले पान पुन्हा सरळही होत नाही, त्यामुळे औषध कोणतेच नाही. सुचवले ते इतकेच: रोज सकाळी झाडामागे दोन ते तीन लिटर पाणी ठिबकने किंवा झारीने, बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचा तीन इंच थर, दुपारपुरती ५० टक्के शेडनेट आणि युरिया पूर्ण बंद.

शेंडे: इथेच खरी गल्लत होते

एक-दोन-तीन आणि पाच-आठ यांना दुकानातल्या माणसाने एकाच रांगेत बसवले होते. नवी पाने लहान, वेडीवाकडी, शेंडा खुरटलेला, म्हणून व्हायरस. जवळून पाहिले तर दोन्ही गट वेगळे होते.

पाच आणि आठचे नवे पान लहान, वाटीसारखे वर वळलेले, शिरांच्या मधला भाग आणि कडा पिवळट. दोन पेऱ्यांतले अंतर कमी झाल्याने शेंडा झाडूसारखा गच्च. फुले गळत होती. झाड हलवले की मिलिमीटरभर आकाराच्या पांढऱ्या माश्या उडत. हा टोमॅटोचा पर्णगुच्छ विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला. माशीने एकदा विषाणू उचलला की ती तो बहुधा मरेपर्यंत वाहते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणूनच तो ओळीत सलग न दिसता जिथे माशी बसली तिथे, विखुरलेला दिसतो. लागण झालेल्या झाडाला कोणतेही औषध बरे करत नाही. इमिडाक्लोप्रिड माशी मारेल, विषाणू नाही.

एक, दोन, तीनमध्ये पिवळेपणा नव्हता. पाने अरुंद, पट्टीसारखी लांबट. शिरा ठळक आणि जवळजवळ समांतर. देठ आणि कोवळे खोड पीळ दिल्यासारखे खाली वाकलेले. एक नंबरचे सर्वांत जास्त, तीनचे सर्वांत कमी, चारला काही नाही. कीड किंवा विषाणू असा मोजपट्टी लावून पसरत नाही. भिंतीपासून दूर जाऊ तसे कमी होत जाणारे नुकसान दिसले की भिंतीपलीकडून काय आले ते आधी विचारावे.

विचारल्यावर घरच्या काकूंना आठवले: "गेल्या महिन्यात तिकडं कुणीतरी पंप मारत होतं हो. साप निघाला म्हणून गवत जाळायला औषध मारलं म्हणत होते."

प्लॉटवर जाऊन पाहिले. सांडपाण्याच्या ओलीवर उन्हाळ्यातही तग धरलेले गाजर गवत पिळवटून, शेंडे वाकवून वाळले होते आणि त्याच्याच मधे हराळी मात्र हिरवीगार. प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा हाच. ग्लायफोसेट, म्हणजे सरसकट सगळे तण मारणारे औषध, मारले असते तर हराळीही पिवळी पडली असती. रुंद पानाचे तण पिळवटते आणि गवतवर्गीय वाचते, ही २,४-डी गटाच्या तणनाशकाची ओळख. आपल्याकडे ते सोडियम क्षार ८० टक्के, अमाइन क्षार ५८ टक्के आणि इथाइल एस्टर ३८ टक्के अशा रूपांत मिळते. यातले एस्टर उन्हाने वाफ होऊन उडते. फवारणी संपल्यावरही तापलेल्या जमिनीवरून त्याची वाफ वाऱ्याबरोबर सरकत राहते. उन्हाळ्यात दुपारनंतर नाशिकला वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो. प्लॉटही पश्चिमेलाच.

रिकाम्या बाटलीचा तुकडाही तिथे सापडला नाही, त्यामुळे कोणते रूप वापरले ते सांगता येत नाही. निदानासाठी त्याची गरजही नव्हती.

वेलाची काडी वाचणे

खात्री पटवली ती द्राक्षवेलाने. २,४-डीला द्राक्षाइतके हळवे पीक क्वचित दुसरे असेल. टोमॅटोवर जेमतेम दिसेल इतक्या मात्रेने द्राक्षाचे पान पंख्यासारखे होते: देठाजवळची खाच उघडी पडते, कडेचे दाते टोकदार होतात, शिरा पंख्याच्या काड्यांसारख्या एकमेकींना जवळ येतात आणि पानाचा पृष्ठभाग चुरगळतो.

हा वेल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरडला होता, म्हणजे त्याची उन्हाळी छाटणी झाली होती. महिन्याभराच्या फुटीवर बुडाकडून शेंड्याकडे पाने पाहत गेले की पहिली चार-पाच पूर्ण निरोगी, त्यापुढची पाच-सहा पंख्यासारखी, आणि अगदी शेंड्यातली दोन पुन्हा जवळपास नेहमीच्या आकाराची. काडी ही झाडाची रोजनिशी असते. खरडछाटणीनंतर डोळे फुटायला आठ-दहा दिवस लागतात, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांना एक पान निघते. त्या हिशोबाने घाव एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास बसला, एकदाच बसला आणि आता ओसरतो आहे. काकूंनी सांगितलेली वेळ आणि काडीने सांगितलेली वेळ जुळली. किडीचे नुकसान असे एका टप्प्यात सुरू होऊन एका टप्प्यात थांबत नाही.

एक शंका मात्र दूर करायची होती. घरचा फवारणी पंप माळीकाका दुसऱ्या बागांतही वापरतात. पंपातच तणनाशक राहिले असेल तर? उत्तर मिरचीने दिले. त्याच पंपाने, त्याच दिवशी मिरचीवरही फवारणी झाली होती. मिरचीही २,४-डीला हळवी, पण तिथे पट्टीसारखे एकही पान नव्हते. पंप निर्दोष. तरीही तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणे हाच शहाणपणा आहे. नुसत्या पाण्याने विसळून २,४-डी जात नाही, वॉशरमध्ये आणि नळीत चिकटून राहते.

मातीत काही उतरले का, हे तपासायला कागदी पेल्यांत चवळी लावली: तीन पेले टोमॅटोच्या वाफ्यातल्या मातीचे, तीन पेले बागेच्या दुसऱ्या टोकाच्या मातीचे, प्रत्येकात चार दाणे. दोन आठवड्यांत तीन-पानी पाने सरळ उमलली तर माती ठीक. चवळी यासाठी चांगली, कारण लवकर उगवते आणि या औषधाला लगेच मुरडते. खर्च काहीच नाही, आणि माती बदलण्याचा विषय त्यावर मिटतो.

मिरची का बिघडली

सहापैकी चार मिरच्यांच्या पानांच्या कडा खाली वळल्या होत्या, होडी पालथी घातल्यासारख्या. देठ लांबलेले, शेंड्याची पाने अरुंद, मागची बाजू तपकिरी झाक असलेली. उरलेल्या दोघींच्या कडा वर, पानावर चंदेरी चट्टे. शेतकऱ्यांच्या तोंडी दोन्ही 'बोकड्या' किंवा 'चुरडा-मुरडा', पण कडा कुठे वळल्या यावर औषध ठरते. मिरचीत कडा वर म्हणजे बहुधा फुलकिडे, कडा खाली म्हणजे पिवळा कोळी.

फुलकिडे पांढऱ्या कागदावर शेंडा आपटला की दिसतात, पिवळसर रेघेएवढे, पळणारे. कोळी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, लांबी जेमतेम ०.२ मि.मी. भिंगाखाली सर्वांत कोवळ्या पानाच्या मागे पाहावे: काचेसारखे पिवळट थेंब हळू सरकतात आणि त्यांच्यात पांढरे ठिपके असलेली अंडी दिसतात. जुन्या पानावर शोधत बसले तर काही सापडत नाही, आणि मग 'कीड नाही, म्हणजे व्हायरसच' असा निष्कर्ष निघतो.

कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय. इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही, त्याच्यावर जगणारे मित्रकीटक मात्र मरतात. दोन फवारण्यांनंतर मिरची का बिघडली याचे उत्तर हेच. त्यात त्या चार बॅगा भांडी घासायच्या मोरीजवळ, सावलीत, सतत दमट जागी होत्या, म्हणजे कोळ्याच्या आवडीच्या. तो पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटूनही झाडोझाडी जातो, त्यामुळे टोमॅटोची माशी इथेही नडली असणार.

चारही मिरच्यांचे शेंडे दोन इंच कापून पिशवीत बंद करून टाकले. मग पाण्यात मिसळणारे गंधक ८० टक्के, लिटरला दोन ग्रॅम, पानांच्या मागच्या बाजूला. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. पारा ३२ अंशांच्या वर असला तर गंधकाने पान भाजते, म्हणून मेमध्ये सूर्य मावळल्यावरच आणि आधी एका झाडावर दोन दिवस पाहून. दोन फुलकिड्यांच्या मिरच्यांना मात्र निंबोळी: ॲझाडिरेक्टिन १५०० पीपीएम, लिटरला पाच मि.लि., सात दिवसांनी पुन्हा, शिवाय निळा चिकट सापळा. या दोन औषधांची गाठ पडू द्यायची नाही. गंधक आणि निंबोळीसारखे तेल एकाच झाडावर दोन-तीन आठवड्यांच्या आत गेले तर पाने करपतात. म्हणून निंबोळीच्या दोन बॅगा उचलून बागेच्या दुसऱ्या टोकाला नेल्या.

लिंबू आणि जास्वंद

लिंबाच्या नव्या फुटीची पाने वळलेली, वर चंदेरी नागमोडी रेघा. पाने पोखरणारी नागअळी. अळी पानाच्या पापुद्र्याआड असते, बाहेरून मारलेले स्पर्शजन्य औषध तिथवर पोचत नाही. वाढलेल्या झाडाला याने फारसे बिघडत नाही. खराब पाने काढायचीही गरज नाही, उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न देतोच. पावसाळ्यातल्या नव्या फुटीवर निंबोळीच्या एक-दोन फवारण्या पुरतात.

जास्वंदीचे शेंडे गोळा झाल्यासारखे, आत पिठ्या ढेकूण, खोडावर मुंग्यांची रांग. शेंडे कापले, उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा, मुंग्यांची वाट बंद. तुळस, कढीपत्ता, गवती चहा ठणठणीत.

काय केले, आणि दोन आठवड्यांनी काय दिसले

पाच आणि आठ सकाळी सात वाजायच्या आत काढले. त्या वेळी माश्या सुस्त असतात. आधी झाडावर प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तोंड बांधले, मग बुंधा कापला. उघडे उपटले असते तर माश्या उडून शेजारी बसल्या असत्या. उरलेल्या झाडांच्या शेंड्याच्या उंचीवर चार पिवळे चिकट सापळे.

एक, दोन, तीन उपटले नाहीत. प्रत्येकाच्या शेंड्याच्या अगदी खाली लाल लोकरीचा धागा सैल बांधला. धाग्याच्या खालचे पान सुधारणार नाही, ते बघायचेच नाही. धाग्याच्या वर नवे काय येते तेवढेच बघायचे. तणनाशकाचा फटका असेल तर नवी पाने हळूहळू रुंद होत जातात, विषाणू असेल तर प्रत्येक नवे पान आधीच्याहून वाईट. दोघांत शंका असेल तेव्हा याहून स्वस्त चाचणी नाही. त्या तीन झाडांवर लागलेली फळे काढून टाकली. टोमॅटोवर २,४-डी तणनाशक वापरायचेच नसते, तेव्हा किती दिवसांनी फळ खाण्याजोगे होते याचा प्रश्नच येत नाही. बाकीच्या झाडांची फळेही, इमिडाक्लोप्रिडची मात्रा जास्त झाल्याने, त्या तोड्यापुरती टाकायला लावली. लेबलावरचा काढणीपूर्व कालावधी योग्य मात्रेसाठी असतो.

वेलाचे पंख्यासारखे शेंडे खुडले आणि जोमदार बगलफुटी राखल्या. खरडीनंतरच्या चाळीस ते सत्तर दिवसांत काडीत पुढच्या हंगामाची घडनिर्मिती होते आणि नेमक्या त्याच्या तोंडावर हा फटका बसला. एका घरगुती वेलाचे नुकसान किरकोळ. हीच वाफ शेजारच्या एकरभर बागेवर गेली असती तर गोष्ट वेगळी होती.

सोळा दिवसांनी: दोन आणि तीनच्या धाग्यावरची पाने सरळ आणि रुंद. एकचा शेंडा मेला, पण खालून जोरदार फूट निघाली, तीच वाढवायची. चवळी दोन्ही मातींत सारखीच उगवली. गंधकाच्या चारपैकी तीन मिरच्यांना स्वच्छ फूट, चौथी खंगलेलीच, ती काढली. निंबोळीच्या दोघी ठीक. लिंबू होते तसेच. टोमॅटो क्रमांक सातच्या शेंड्यात मात्र पिवळट वाटी दिसू लागली. लागण आधीच झाली असणार, लक्षण आता उमटले. तेही पिशवी घालून काढले.

प्लॉटधारकांशी बोलणे सोसायटीच्या अध्यक्षांमार्फत झाले. पहिल्या पावसावर गाजर गवत पुन्हा उगवणार हे नक्की, तेव्हा फुलोऱ्याआधी हातमोजे घालून उपटणे किंवा कापणे असे ठरले. फवारायचेच झाले तर एस्टर नको, सोडियम किंवा अमाइन क्षार, सकाळी वारा पडलेला असताना, नोझल जमिनीलगत धरून, आणि आदल्या दिवशी कंपाउंडपलीकडे निरोप. नवी टोमॅटोची रोपे जुलैत, ५० मेशच्या नायलॉन जाळीखाली वाढवून लावायची आहेत. ओळ भिंतीपासून सुरू न करता पहिले सहा फूट सोडून.